पानांचा अंदाज

२० नोव्हेंबर २००२, बुधवार

आजपासून आईच्या धंद्याला वळण लावायचं काम माझ्याकडे. कुणी सांगितलं नाही, मीच ठरवलं. एम.बी.ए. होऊन सहा महिने झाले. बेंगळूरच्या दोन कंपन्या "कळवतो" म्हणाल्या होत्या, त्या अजून कळवतायत. मग घरात बसून खाण्यापेक्षा घरच्याच धंद्याचा अभ्यास का करू नये?

धंदा म्हणजे लग्नामुंजींच्या स्वयंपाकाचं कंत्राट. नऊ वर्षांपूर्वी अप्पा गेल्यावर आईनं सुरू केलं. सामान आमचं, माणसं आमची, यजमानांनी जेवलेल्या पानांप्रमाणे पैसे द्यायचे. आचारी शेषगिरीमामा. ते नात्यानं कुणाचेच मामा नाहीत, पण सगळं धारवाड त्यांना मामा म्हणतं. पुऱ्या लाटायला आणि भाज्या चिरायला सोनाबाई, आणि तिच्या हाताखाली कामनकट्टीतल्या चारपाच बायका. यावर माझं शिक्षण झालं, धाकट्या भावाचं, किरणचं इंजिनिअरिंग चाललंय, आणि सप्तापुरातल्या या घराचं भाडं जातं.

आणि हे सगळं आता धोक्यात आहे. हुबळीत एक नवा केटरर निघालाय. पानामागं आमच्यापेक्षा चार रुपये कमी घेतो. तुळशीचं लग्न झाल्याबरोबर आमची ठरलेली तीन कार्यं त्यानं उचलली. आई म्हणते, "ज्याचं त्याचं नशीब." नशीब हा विषय आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिली पाहणी. मालमड्डीत लग्न होतं. मी दाराशी उभी राहून जेवून उठणारे मोजले. एका आजोबांनी मला वधूची मैत्रीण समजून आशीर्वाद दिला, तोही घेतला.

आईचा अंदाज चुकला. नेहमीच चुकतो, साऱ्या गावाला ठाऊक आहे. शेषगिरीमामा तर यजमानांसमोरच म्हणतात, "कौसल्याबाईंना चारशे सांगा, पाचशेचा स्वयंपाक होतो. देवानं त्यांना हात दिलाय, गणित दिलं नाही." आई हसते आणि "होय की हो, माझं गणित कच्चंच," म्हणते. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

गंमत अशी की तेल किती लागेल, गॅस किती जाईल, हे ती बोटांवर सांगते आणि ते तंतोतंत येतं. चुकतात ती फक्त पानं, आणि तीही कायम वरच्या बाजूलाच. अंदाज सारखा एकाच बाजूला चुकत असेल तर त्याला चूक म्हणू नका, त्याचं कारण शोधा, असं आमचे सर सांगायचे. आईच्या बाबतीत कारण उघड आहे. अन्न कमी पडेल ही भीती, दुसरं काय!

८ डिसेंबर, रविवार

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातून तराजू आणला. आज पंगती उठल्यावर पातेल्यांत उरलेलं, म्हणजे न वाढलेलं अन्न सगळं तोलून घेतलं. भात, पुऱ्या, वांग्याची भाजी, शिरा. आकडा बघून मीच खाली बसले. एवढं वाया!

सोनाबाईच्या हाताखालची शेवंता पातेली ओढत होती. ती म्हणाली, "नेत्रव्वा, उरल्यालं मोजत्यात काय कुठं?"

"मोजलं तर काय होतं?"

"काय व्हायचंय. मोजा की." आणि ती पाठ फिरवून पाणी ओतायला लागली. ही माणसं मोजमापाला का घाबरतात कळत नाही.

आईला विचारलं की उरलेल्याचं करतेस काय. म्हणाली, "वाटून टाकते." गायीबियींना घालत असावी. मी फार खोलात गेले नाही, मला आकडा हवा होता तो मिळाला.

कामाच्या पद्धतीविषयी आणखी एक निरीक्षण. बायका येताना प्रत्येकी दोनदोन डबे आणतात. पंगती झाल्यावर इथंच जेवतात, मग घरून भाकरी बांधून कशाला आणायची? सवय असते एकेकाला. टेम्पोत जागा मात्र फार अडते.

२८ डिसेंबर, शनिवार

धनुर्मास, म्हणजे लग्नं बंद. चौकातल्या सायबर कॅफेत बसून आठवडाभर आकडे लावले. कॅफेवाल्याला वाटतं मी परदेशी स्थळाशी बोलते.

निष्कर्ष लिहून ठेवते. धारवाडचा यजमान पाहुणे कमी सांगतो, कारण जास्त सांगितलं तर बडेजाव दिसेल. हुबळीचा जास्त सांगतो, कारण कमी सांगितलं तर धंदा बसला असं लोकांना वाटेल. सकाळचा मुहूर्त असेल तर नोकरदार येत नाहीत. परीक्षेचे दिवस असतील तर बायका येतात, पोरं येत नाहीत. हे सगळं धरून किती पानं होतील याचं मी एक समीकरण बसवलं आणि मागच्या कार्यांवर लावून पाहिलं. फार सुंदर बसतं. खरंच, मला त्या कॅफेत टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

पुढचा प्रश्न असा की अंदाजाच्या वर किती धरायचं. एक पान कमी पडलं तर अब्रू जाते, एक जास्त झालं तर पैसे जातात. दोन्हींची किंमत कळली की सुवर्णमध्य निघतो. मी आईला विचारलं, "आई, अब्रूची किंमत काय धरू?" ती म्हणाली, "वेडी आहेस काय ग?" मग मीच भरपूर धरली. तरीसुद्धा आईच्या वाढीव पानांचा चौथा हिस्सा पुरतो. शंभर कार्यांत एखाद्याच वेळी कमी पडेल, आणि त्यासाठी गॅसजवळ कच्चा रवा आणि दोन शेर तांदूळ तयार ठेवले की झालं.

आणि हे ऐका. उरलेल्या अन्नाचा खर्च पानांवर वाटला तर तो येतो चार रुपयांच्या जरा वर. म्हणजे हुबळीवाल्याच्या आणि आमच्या दरातलं अख्खं अंतर पातेल्यांच्या तळाशी पडलंय!

आईला सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकलं. तिला आकडे कळतात, हे मला नवीनच. शेवटी म्हणाली, "सगळं बरोबर आहे. तरी चार पानं वर धर ग."

"का पण?"

"असू दे की."

"आई, 'असू दे'ला समीकरणात जागा नाही."

तिनं माझे कागद नीट एकावर एक लावले. मग म्हणाली, "बरं. दर उतरवला नाही तर हंगाम हातचा जाईल, हेही खरंच आहे. तू शिकलीस ती कशाला? करून बघू तुझ्या मनासारखं." मी तिला मिठी मारली.

९ फेब्रुवारी २००३, रविवार

पहिलं कार्य माझ्या अंदाजानं. समीकरण म्हणालं तीनशे बारा, जेवले तीनशे सात. शेवटच्या पंगतीनंतर पातेल्यात जेमतेम आमच्या माणसांच्या जेवणापुरतं उरलं, ते खाऊन भांडी मोकळी. शेषगिरीमामांनी झारा कपाळाला लावून नमस्कार केला. "नेत्रा, तुझ्या कंप्युटरला एक नारळ वाढव." आज मला आईची मुलगी असल्याचा नाही, माझं मी असल्याचा अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

फक्त येताना टेम्पोत बायकांचे डबे असे खणखणत होते की डोकं उठलं. पूर्वी कधी वाजत नसत.

२३ फेब्रुवारी, रविवार

दर चार रुपयांनी उतरवला. लगेच पाच कार्यं ठरली, त्यातलं एक अक्षय्य तृतीयेचं, मोठ्या वकिलांच्या मुलीचं लग्न, आठशे पानं. वकीलसाहेब आईला म्हणाले, "कौसल्याबाई, या एका लग्नावर तुमची पुढची पाच वर्षं आहेत, सगळं बार असोसिएशन जेवायला येणार आहे." आईनं हात जोडले.

सोनाबाई आज आमच्या माणसांच्या पंगतीला बसली नाही. सोमवारचा उपास आहे काय म्हटलं, तर आज रविवार. "व्हय, आईतवारचा बी धरते," म्हणाली. तिचं पान तिनं तसंच दुमडून पिशवीत ठेवलं. मागच्या गुरुवारीही उपास होता. वयानं माणूस धार्मिक होतो.

२ मार्च, रविवार

डबे आणायचं बायकांनी आपोआपच बंद केलं. टेम्पोत आता पुरेपूर जागा आहे. चांगल्या सुधारणा न सांगता होतात त्या अशा.

९ मार्च, रविवार

पुऱ्या लाटण्याचा वेग मोजला. सकाळी उत्तम, पण दुपार कलली की जवळजवळ निम्मा. पूर्वीचे आकडे नाहीत, म्हणून तुलना करता येत नाही. उन्हं तापलीत, त्याचा परिणाम धरला. शेवंताला घेरी आली, तिला बसवून गूळपाणी दिलं. गूळ तिनं हातात घेतला आणि निम्मा पदराला बांधला. मी म्हटलं, "अगं खा की सगळा." म्हणाली, "साकु, साकु. बस झालं." त्यांचं खाणंच कमी असतं.

समीकरण मात्र अप्रतिम चाललंय. पाच कार्यं झाली, एकदाही दहा पानांच्या वर चुकलं नाही.

१८ मार्च, मंगळवार

आईचं काही खरं नाही. आम्ही घरात दोघी, किरण हॉस्टेलला, आणि ही कुकर लावते मोठा. दुपारी पिशवी घेऊन "मठात जाऊन येते" म्हणून निघते आणि दीड तासानं घामाघूम येते. मठ तर दहा मिनिटांवर आहे. पूर्वी ही वर्षातून दोनदा जायची. सोनाबाईचे उपास, आईचा मठ. एकूण धारवाडात यंदा भक्ती वाढलीय. पाऊस नाही, जोंधळा महाग झालाय, लोक देवाकडे वळणारच.

२५ मार्च, मंगळवार

शेवंता आणि आणखी दोघी काम सोडून गेल्या. हुबळीवाल्याकडे! मला राग आला, तो आवरून मी शांतपणे कोष्टक मांडलं. मजुरी आमची त्याच्याइतकीच. कामाचे तास आमचे कमी. अंतर म्हणाल तर त्यांना पहाटे बसनं हुबळीला जावं लागणार. तिथं ओळखीचं कुणी नाही, आणि इथं आईनं त्यांच्या बाळंतपणापासून सगळं पाहिलेलं. एकाही बाबतीत तो सरस नाही. मग माणसं का जातात? असा प्रश्न सुटला नाही की मला जेवण जात नाही.

संध्याकाळी सोनाबाई आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. आईला म्हणाली, "अक्का, वकिलांच्या लग्नापतोर हाय मी. त्याच्याफुडं दुसरं माणूस बघा."

आईनं तिला का म्हणून विचारलंच नाही. "बस की सोना, चहा घे," एवढंच म्हणाली. दोघी चहा प्याल्या. मी मध्ये पडून विचारलं, "सोनाबाई, काय कमी पडतंय तुम्हाला? मजुरी का? सांगा, मी हिशेबात बसवते." ती हसली. "काय कमी न्हाई ग पोरी. तुजं चांगलं चाललंय, असंच चालू दे."

सोनाबाई गेली तर धंदा बंद. हे सांगायला समीकरण लागत नाही. आठशे पानांच्या पुऱ्या एका लयीत कढईपाशी पोचवणारं दुसरं माणूस या जुळ्या गावांत नाही. आईला म्हटलं, तू काहीतरी बोल तिच्याशी. ती म्हणाली, "काय बोलू? ती कधीच काही मागायची नाही. आणि मी तरी तिला काय देते म्हणून सांगू?" मला यातलं काही कळलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

पाडवा. श्रीखंड गोड लागलं नाही. सोनाबाईसाठी आईनं डबा भरून ठेवला होता, ती आलीच नाही.

२० एप्रिल, रविवार

आज प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास करायला हुबळीला गेले होते. एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न, स्वयंपाक हुबळीवाल्याचा. आईची जांभळी इरकल नेसले. चांगली साडी नेसून तरातरा आत गेलं की लग्नात कुणी विचारत नाही. नवऱ्या मुलाच्या मावशीनं तर मला अत्तरसुद्धा लावलं.

त्याची चलाखी जेवणाच्या हॉलमध्ये कळली. पंगत नाहीच, उभ्यानं जेवायचं. म्हणजे वाढपी कमी. भांडी त्याची स्वतःची, भाड्याची नाहीत. टेम्पोची एकच खेप. अन्नात त्यानं काहीच वाचवलेलं नाही, उलट स्वयंपाक वारेमाप. शेवटी मोठाली पातेली अर्धी भरलेली. मी मनात म्हटलं, हा मूर्ख माणूस दोन वर्षांत बुडणार. आकडा मिळावा म्हणून मागच्या दाराकडे गेले.

मागे नळापाशी बायका ओळीनं बसल्या होत्या. एक माणूस पातेल्यातला भात पळीनं काढून त्यांच्या डब्यांत घालत होता. तिसरी शेवंता. तिच्या पुढ्यात तेच दोन डबे, ज्यांच्यावर तिच्या थोरलीचं नाव कोरलंय, जे मी टेम्पोत कितीदा पायानं बाजूला सरकवले होते. भात घालणारा काहीतरी थट्टा करत होता. "किती नेतीस ग, हॉटेल काढलंयस काय?" बाकीच्या हसल्या. शेवंता हसली नाही. तिनं भरलेला डबा चटकन पदराखाली घेतला आणि इकडंतिकडं पाहिलं.

मी खांबाआड झाले. मी तिला पाहिलं हे तिला कळता कामा नये, एवढं एकच त्या क्षणी सुचलं.

बसमध्ये बसल्यावर एकेक आठवायला लागलं. सोनाबाईचे सोमवार, रविवार, गुरुवार. दुमडलेलं पान. पदराला बांधलेला गूळ. दुपारनंतर मंदावलेली लाटणी, आणि मी त्याला ऊन म्हणून लिहून मोकळी. नवलूरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. शेजारच्या बाईंना वाटलं माझंच लग्न मोडलंय, त्यांनी मला मोसंबं सोलून दिलं.

मी वाया म्हणून जे मोजलं, ते कामनकट्टीतल्या पाच घरांचं रात्रीचं जेवण होतं.

२१ एप्रिल, सोमवार

सकाळी आई कोथिंबीर निवडत होती, तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"माहीत काय व्हायचंय? मीच धरत होते की पानं."

"मग मला सांगितलं का नाहीस? मी एवढी काय परकी होते?"

"सांगून काय सांगू? आपण ह्या बायकांना जेवू घालतो म्हणून? असं तोंडानं म्हटलं की ते दान झालं. सोनानं आजवर कुणापुढं हात पसरलेला नाही. माझं गणित कच्चं, अन्न उरतं, टाकून द्यायचं तर पाप, म्हणून ती नेते. उपकार तिचे माझ्यावर." मग म्हणाली, "आणि तुझा दर पण खोटा नव्हता ग. तू उतरवला नसतास तर आत्तापर्यंत आपण बसलो असतो. मलाच दोन्ही जमवता येईनात. म्हणून म्हटलं, हिला करून बघू दे."

"मग मजुरीच वाढवूया. सरळ, रोख."

"वाढव की. वाढवायलाच पाहिजे. पण शेवंताचा नवरा आठवड्याला दारात उभा असतो हात पुढं करून. पैसे त्याच्याकडे जातात. डबा मात्र कोण काढून घेत नाही."

हे कुठल्या पुस्तकात होतं? मी आईकडे बघत राहिले. नऊ वर्षं गावभर "गणित कच्चं" म्हणून हसून घेतलं हिनं, आणि मला तिची लाज वाटायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. कोथिंबिरीचा हात तिनं तसाच माझ्या केसांवरून फिरवला.

मठाचंही विचारलं. मठ कामनकट्टीच्या बाजूला नाही, हे तिनं कबूल केलं.

२४ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस पुन्हा कॅफेत. गणितावर रुसून कसं चालेल? चूक गणिताची नव्हती, मी माणसंच वजा केली होती.

दर उतरलेलाच ठेवायचा आणि पानं पूर्वीसारखी धरायची. पैसे दुसरीकडून काढायचे. हुबळीवाल्याकडून शिकले ते कामी आलं. भांडी एका ठिकाणची, किराणा दुसऱ्या ठिकाणचा, म्हणून टेम्पोच्या दोन खेपा होतात. भांडीवाल्यालाच किराणा दुकानासमोर बोलावलं की एक खेप वाचते. तिसऱ्या पंगतीत दुसरं पक्वान्न कुणी घेत नाही, ते यजमानांना आधीच सांगायचं. वाढप्यांना वेळा वाटून द्यायच्या. शेषगिरीमामांच्या कढईखालचा गॅस ते गप्पा मारायला गेले की बंद करायचा; हे त्यांना कोण सांगणार हा वेगळा प्रश्न. एवढ्यानं चारातले तीन रुपये निघतात. राहिलेला एक आमच्या नफ्यातून जाईल, मजुरीच्या वाढीसकट. आई म्हणाली, "जाऊ दे."

समीकरणाच्या शेवटी आता एक जास्तीचा आकडा आहे. सर असते तर विचारलं असतं, हा कुठून आला? त्याला मी नाव दिलेलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

सप्तापुरातच मुंज. समीकरण म्हणालं दोनशे, मी स्वयंपाक लावला अडीचशेचा. जेवले एकशे अठ्ठ्याण्णव.

पंगती उठल्या. पातेली अर्धी भरलेली. शेषगिरीमामांना तर सणच मिळाला. "अय्यो देवरे! एम.बी.ए.चा अंदाज चुकला! अहो या, बघा, कंप्युटर आईवर गेला!" यजमान, वाढपी, भटजी, सगळे बघायला आले. मी कपाळाला हात लावला, "परीक्षा संपल्याचं धरायला विसरले हो," म्हटलं. खरं सांगते, खोटं खोटं चुकतानासुद्धा जिवावर आलं. कानशिलं तापली. आईनं हे इतकी वर्षं कसं केलं असेल?

मग सोनाबाईकडे वळले. "सोनाबाई, आता या एवढ्याचं काय करू? टाकायचं म्हणजे पाप. तुम्हीच काहीतरी मार्ग काढा, मला तर आईसमोर उभं राहायला तोंड नाही."

सोनाबाईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पदर खोचत म्हणाली, "टाकून कसं चालंल? अन्न हाय ते. आण हिकडं." डबे नव्हतेच, आमचीच दोन पातेली तिला दिली. उद्या घासून आणून देते म्हणाली. आज उपास नव्हता. पोटभर जेवली.

तिला कसलाही संशय आला नाही. नाटक फारच छान वठलं.

१ मे, गुरुवार

शेवंता आली. दारातूनच म्हणाली, "हुबळीची बस सोसत न्हाई, अक्का." आई म्हणाली, "मग ये की उद्यापासून, वांगी निवडायचीत." एवढंच. बाकीच्या दोघीही येतायत. मी आत जाऊन उगीचच सगळे डबे फडताळातून काढून पुसले.

५ मे, सोमवार

वकिलांकडचं लग्न काल झालं. सोनाबाईच्या ओळीत सहा लाटणी, दुपार उलटली तरी वेग तसाच. सगळं बार असोसिएशन जेवलं, एका न्यायाधीशांनी भरल्या वांग्यांची एण्णगाई तिसऱ्यांदा मागितली, वकीलसाहेबांनी आईला तिथंच धाकटीच्या लग्नाचं सांगून टाकलं. जेवायला आठशे बारा. स्वयंपाक किती जणांचा होता ते मी कुणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी टेम्पोत सगळ्यांचे डबे भरून ठेवले. एकही वाजत नव्हता. सोनाबाई चढता चढता थांबली. मला वाटलं आता ती जायचं बोलणार. मीच घाईनं म्हटलं, "आज पुन्हा चुकलाच माझा अंदाज. कधी सुधारणार देव जाणे."

तिनं मला बाजूला ओढलं आणि कानाशी येऊन सांगितलं, "नेत्रव्वा, पुढल्या बारीला चुकशील तवा पुऱ्यांत जास्त चूक. भातात नगं. उन्हाळ्याचा भात रातीपतोर आंबतोय, पोरं खाईनात."

आणि टेम्पोत चढून बसली. आई पलीकडे हिशेब करत होती, तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.

घरी येऊन पुढच्या रविवारच्या मुंजीचे आकडे पुन्हा काढले. भात बरोबर केला. पुऱ्या वाढवल्या.